गिळलं, पण पचलं नाही : बधिर चट्ट्यामागं पेशींमध्ये काय घडतं?

अचलपूर : पाठीवर, दंडावर नाहीतर मांडीवर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. दुखत नाही, खाजत नाही, त्यातून पाणी येत नाही. कपाशीची वेचणी सुरू असते, संत्र्याचा बहार सांभाळायचा असतो, त्यात असल्या चट्ट्याकडं कोण पाहतं? "त्याले काही होतच नाही, मंग दवाखान्यात कायले जा?" असं म्हणत वर्ष निघून जातं, दोन वर्षं निघून जातात. पण ज्या चट्ट्याला काहीच होत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तोच सगळ्यात आधी दाखवायला पाहिजे. तो कुष्ठरोगाचा असू शकतो.

कुष्ठरोग, म्हणजे जुनी माणसं ज्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणायची तो आजार, संपला अशी अनेकांची समजूत आहे. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि सरकारनं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं. दूरीकरण म्हणजे नायनाट नव्हे. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही एकट्या भारतातले असतात. आजार पूर्ण बरा होतो, औषध फुकट मिळतं, तरी माणसं बोटं वाकडी झाल्यावरच दवाखान्यात पोचतात. असं का होतं आणि औषध सहा-सहा, बारा-बारा महिने का घ्यावं लागतं, हे समजायचं तर आपल्या शरीरातल्या पेशी कशा 'खातात' आणि कशा 'पचवतात' ते आधी पाहावं लागेल.

बाभळीचा काटा आणि तारामासा

पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, ठणकते, मग पू धरतो. हा पू म्हणजे नुसती घाण नाही. काट्याबरोबर आत शिरलेले जंतू खायला रक्तातून धावून आलेल्या आणि तिथंच मेलेल्या पांढऱ्या पेशींचा तो ढीग असतो.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी तो समुद्रातल्या तारामाशाच्या पिल्लांवर काम करत होता. ही पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्यानं बागेतल्या गुलाबाचे काटे त्यांच्या अंगात टोचले आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. या पेशी बाहेरच्या गोष्टी गिळतात, हे त्यानं पुढं दाखवून दिलं. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. आज आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो. रक्तात, फुप्फुसात, प्लीहेत, यकृतात, कातडीखाली, सगळीकडं त्यांचा पहारा असतो.

पेशीला ना तोंड ना दात. मग ती गिळते कशी? पुरणपोळी करताना उंडा हातावर घेऊन त्यात पुरण ठेवतात आणि कडा वर ओढून तोंड मिटवतात, जवळपास तसंच. पेशीचं बाहेरचं आवरण मऊ असतं. जंतू चिकटला की ते दोन्ही बाजूंनी वर येतं, जंतूला कवेत घेतं आणि मिटतं. आता जंतू पेशीच्या आत आहे, पण एका पिशवीत बंद.

नुसतं गिळून भागत नाही, पचवावं लागतं. त्यासाठी पेशीत दुसऱ्या छोट्या पिशव्या असतात, त्यांना लायसोसोम म्हणतात. बेल्जियमच्या क्रिस्तियान द दूव यांनी १९५५ च्या सुमारास त्या शोधल्या. त्यांच्यात आंबट पाणी असतं, म्हणजे आम्ल, आणि पन्नासच्या वर पाचक रसायनं. मांस, चरबी, साखर, प्रत्येकाला तोडणारं वेगळं. जंतूची पिशवी आणि ही आम्लाची पिशवी एकमेकींना भिडतात, एक होतात आणि जंतूचा भुगा होतो. कामाचं ते पेशी वापरते, बिनकामाचं बाहेर टाकते. आपल्या पोटात जे होतं तेच, फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या जागेत.

हे फक्त आजारपणात चालतं असं नाही. आपली तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तोडतात आणि तिच्यातलं लोह नव्या रक्तासाठी परत पाठवतात. भंगारातून लोखंड काढून पुन्हा भट्टीत घालावं तसं. मेळघाटात ज्या घरांमध्ये सिकलसेल आहे, तिथं हाच हिशेब बिघडलेला असतो. विळ्याच्या आकाराच्या त्या तांबड्या पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडतात, नवं रक्त तेवढ्या वेगानं तयार होत नाही, म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे.

पेशी स्वतःच्या आतला मोडका माल, जुने भागही याच पिशव्यांत टाकून पचवते. त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर 'उपास करा, कॅन्सर पळवा, नोबेल विजेत्याचा सल्ला' असे मेसेज फिरत असतात. ओसुमींचं काम यीस्टच्या, म्हणजे खमिराच्या पेशींवर होतं. कॅन्सर घालवण्यासाठी उपासाचा नुस्खा त्यांनी दिलेला नाही.

पचत नाही असा घास

आता कुष्ठरोगाकडं वळू. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गन इथं हान्सेन नावाच्या डॉक्टरनं रुग्णाच्या गाठीतल्या पेशींमध्ये काडीसारखे बारीक जंतू पाहिले. हा शाप नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही, रक्तातून पिढीजात चालत येणारी गोष्टही नाही, हा जंतूचा आजार आहे, याची ती पहिली खूण. जंतू दिसले ते पेशींच्या आत. सगळी मेख तिथंच आहे.

भक्षक पेशी या जंतूला इतर जंतूंसारखंच गिळते. पण याच्या अंगावर मेणासारखं जाड, चरबीचं कवच असतं. शिवाय तो पेशीच्या कारभारात ढवळाढवळ करतो. जंतूची पिशवी आणि आम्लाची पिशवी एक व्हायला पाहिजे, ते तो होऊ देत नाही. पेशीलाच चरबी साठवायला लावतो आणि त्या चरबीत आरामात राहतो. अशा रुग्णाच्या कातडीचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर भक्षक पेशी फेसाळलेल्या, फुगलेल्या दिसतात, आत जंतूंच्या जुड्याच्या जुड्या. ज्याला पकडायचं त्यालाच पोलिसानं घरात जागा दिली, असा प्रकार. क्षयरोगाचा जंतू याचाच चुलतभाऊ, तोही फुप्फुसातल्या भक्षक पेशींत अशीच लबाडी करून राहतो. टीबीचं औषधही महिनोन् महिने घ्यावं लागतं, त्याचं एक कारण हेच.

दुसऱ्याच्या घरात राहून कुष्ठाचा जंतू इतका ऐतखाऊ झाला आहे की, बाहेर त्याला जगताच येत नाही. २००१ साली त्याच्या सगळ्या जनुकांची यादी छापून आली, तेव्हा दिसलं की हजाराहून जास्त जनुकं मोडून निकामी झालेली आहेत. म्हणूनच हान्सेनच्या शोधाला दीडशे वर्षं झाली तरी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हा जंतू कुणाला वाढवता आलेला नाही. उंदराच्या पायाच्या तळव्यात मात्र तो वाढतो, कारण त्याला थंड जागा आवडते. माणसातही त्याला कान, नाक, हात, पाय, कातडी अशा थंड जागाच आवडतात.

आणि तो फार हळू वाढतो. हगवण लावणारे काही जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही चाल वेगळी सांगायला नको. त्यामुळं जंतू अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. कुणापासून लागला हे शोधून काढणं म्हणूनच बहुतेक वेळा व्यर्थ असतं.

पण मग सगळ्यांनाच का होत नाही? शंभरातल्या पंचाण्णव जणांच्या पेशी हा जंतू पचवून टाकतात, त्यांना काही कळतही नाही. शरीरात दुसऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्या भक्षक पेशींना हुकूम सोडतात : आतला माल पचवा. हुकूम जोरात गेला की जंतू संपतो. अर्धवट गेला तर एक-दोन-चार चट्ट्यांवर आजार अडतो. हुकूम गेलाच नाही, तर जंतू अंगभर पसरतात, चट्टे मोजता येत नाहीत, कातडी तेलकट-चकाकती होते, कानाच्या पाळ्या जाड होतात. म्हणजे एकाच जंतूचा एकाला एक चट्टा आणि दुसऱ्याला अंगभर आजार होतो, तो पेशींच्या पचनशक्तीतल्या फरकामुळं.

चट्टा बधिर का होतो?

मोटारपंपाच्या वायरीला जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं आपल्या नसांच्या धाग्यांभोवती खास पेशींचं आवरण असतं. कुष्ठाचा जंतू या पेशींमध्येही शिरतो. भक्षक पेशींचं कामच खाण्याचं, तरी त्यांना तो पचत नाही, तर या बिचाऱ्या आवरणाच्या पेशींचं काय चालणार? जंतू तिथं वाढतो. पुढं शरीराला जाग येते आणि ते जंतूवर तुटून पडतं, त्या मारामारीत नस सुजते. कोपरात, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्यापाशी नसा चिंचोळ्या वाटेनं जातात. सुजायला जागा नाही म्हटल्यावर नस आवळली जाते आणि मरते. वायर जळाली की मोटार बंद.

मग तव्याचा चटका कळत नाही. कपाशीच्या बोंडाचं टोक बोटात घुसतं आणि रक्त दिसल्यावरच समजतं. चालता चालता पायातली चप्पल कुठं गळून पडली ते कळत नाही. पायाला खडा टोचून जखम होते, दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर दिवसभर चालतो, जखम हाडापर्यंत जाते. कुष्ठरोगानं बोटं 'झडतात' असं लोक म्हणतात. जंतू बोटं खात नाही. न कळलेल्या जखमा, भाजणं आणि त्यात झालेली लागण यांनी बोटं जातात. दुखणं नकोसं वाटतं खरं, पण हातापायाचा तोच राखणदार असतो.

मेलेली नस परत येत नाही. चट्टा असताना आलेला माणूस जसाच्या तसा बरा होतो, बोटं वाकडी झाल्यावर आलेल्याचा जंतू मरतो पण हात पहिल्यासारखा राहत नाही. वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून बराच उपयोग होतो, तरी गेलेली जाणीव तिनं परत येत नाही.

कोठारा, तपोवन आणि गोळ्यांचं पान

या भागाला हा आजार नवा नाही. परतवाड्याजवळ कोठारा इथं द लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभं केलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. वऱ्हाड-विदर्भात अशा संस्था उभ्या राहिल्या, कारण तेव्हा घरचे लोक रुग्णाला बाहेर काढत होते आणि हाताशी खात्रीचं औषध नव्हतं. चाळीसच्या दशकात डॅप्सोन आलं. ते एकटंच वर्षानुवर्षं देत गेले, तर साठच्या दशकात जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायला सांगितलं, त्यालाच एमडीटी म्हणतात : रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. पाचपर्यंत चट्टे असले तर साधारण सहा महिने, त्याहून जास्त असले तर बारा महिने. महिन्याचं एक पान मिळतं, त्यातला पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या रोज घरी.

रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच का? कारण जंतू मंद आहे. या औषधाच्या पहिल्या डोसानंतरच काही दिवसांत बहुतेक सगळे जंतू मरतात आणि रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ राहत नाही. म्हणून औषध सुरू झालेल्या माणसाचं ताट-वाटी वेगळं करणं, त्याला वेगळ्या खोलीत झोपवणं याला काही अर्थ नाही. मग इतके महिने गोळ्या कशाला? पेशींच्या आत दडून बसलेले, निपचित पडलेले थोडे जंतू उरतात, त्यांच्यासाठी. चट्टा फिका पडला म्हणून चौथ्या महिन्यात पान बाजूला ठेवणाऱ्याच्या अंगात नेमके हेच उरतात.

क्लोफाझिमिनची गंमत वेगळी. जे भक्षक पेशी जंतूला गिळतात, त्याच हे औषधही गिळून साठवून ठेवतात, अगदी खड्यांसारखं. त्यामुळं औषध जंतूच्या घरातच जाऊन बसतं. पण त्याचा रंग लालसर असल्यानं कातडी काळपट-तांबूस होते. लग्नाच्या वयाची पोरगी असली तर घरचे घाबरतात आणि गोळ्या बंद करतात. तसं करू नये. औषध संपल्यावर काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, रंग हळूहळू परत येतो. महिन्याचा डोस घेतल्या दिवशी लघवी लाल होते, तेही रक्त नसतं, रिफाम्पिसिनचा रंग असतो. डॅप्सोननं अंगावर पुरळ आलं, कातडी सोलायला लागली किंवा डोळे पिवळे झाले, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

मेलेले जंतूही त्रास देतात

कोर्स पूर्ण होतो, कार्डावर 'औषध पूर्ण' असं लिहिलं जातं आणि चार-सहा महिन्यांनी जुना चट्टा अचानक लाल होऊन सुजतो, नस ठणकते, ताप येतो. माणूस म्हणतो औषध वायाच गेलं. शेजारी म्हणतात, आधीच सांगत होतो गावठी औषध घे म्हणून.

इथं पुन्हा पचनाचाच प्रश्न आहे. औषधानं जंतू मेले, पण त्यांची मेणकट कवचं पेशींच्या आत तशीच पडून असतात. ती पचवून साफ करायला शरीराला वर्षानुवर्षं लागतात. साफसफाई चालू असताना मध्येच शरीर त्या मढ्यांवर खवळतं. याला रिॲक्शन म्हणतात. ती औषध सुरू असतानाही येऊ शकते, संपल्यावरही. आजार उलटला असा याचा अर्थ नसतो, पण दुर्लक्ष केलं तर थोड्या दिवसांत नस कायमची जाऊ शकते. कोपर किंवा पाय ठणकू लागला, मूठ ढिली पडली, डोळा पूर्ण मिटेना, की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्या हळूहळू कमी करत बंद करतात. मेडिकलमधून आपल्या मनानं घेण्याची ही गोष्ट नाही. एमडीटी सुरू असेल तर ती रिॲक्शनमध्येही थांबवायची नसते.

घरी कसं ओळखायचं?

माणसाला डोळे मिटायला सांगा. कापसाच्या बारीक पेळूनं किंवा पेनाच्या टोकानं आधी चांगल्या कातडीला, मग चट्ट्याला हलकंच शिवा आणि जिथं कळलं तिथं बोट ठेवायला सांगा. चट्ट्यावर कळत नसेल तर दवाखाना. खाजणारा, कडेनं गोल वाढणारा चट्टा बहुतेक वेळा गजकर्ण असतो. दुधासारखं पांढरंशुभ्र कोड हा कुष्ठरोग नाही, त्यात शिवलेलं नीट कळतं आणि ते कुणाला लागतही नाही. पण चट्टा नसतानाही हातापायाला मुंग्या येत असतील, करंगळी-अनामिका वाकत असेल, कानावर किंवा चेहऱ्यावर गाठी आल्या असतील, तरी दाखवून घ्यावं. ट्यूबमधली मलमं लावत बसल्यानं फक्त महिने जातात.

हात-पाय आधीच बधिर झाले असतील, तर रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, पुसून तेल लावायचं, तळवे आरशात पाहायचे किंवा घरच्याला दाखवायचे. चुलीवरचं भांडं फडक्यानं धरायचं. मऊ तळव्याची एमसीआर चप्पल कुष्ठरोग विभागाकडून मिळते, ती ठेवणीतली नाही, शेतातही घालायची आहे.

लपवण्यामागं मोठं कारण असतं ते सोयरिकीचं. कायद्यात आधी जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं. पोरीचं लग्न व्हायचं म्हणून चट्टा लपवला आणि दोन वर्षांत हात वाकडा झाला, तर जे लपवायचं होतं तेच सगळ्या गावाला दिसतं. चट्टा असतानाच गोळ्या घेतल्या तर कोर्स संपल्यावर दाखवण्यासारखं काही उरतही नाही.

तपासणी आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यांत मोफत आहे. ३० जानेवारीपासून दरवर्षी 'स्पर्श' अभियान असतं आणि शोधमोहिमेत आशाताई घरोघर येतात. त्या वेळी पुरुष शेतात असतात आणि पाठ-मांडी दाखवायला बायकांना संकोच वाटतो, म्हणून नेमके तेच चट्टे सुटतात. आशाताईंना संध्याकाळी पुन्हा बोलावता येतं, बाईची तपासणी बाईच करते. घरात एखादा रुग्ण सापडला असेल, तर त्याच्या सोबत राहणाऱ्या इतरांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला जातो. त्यानं आजार होण्याची शक्यता कमी होते, पूर्ण जात नाही, म्हणून पुढची काही वर्षं घरातल्या सगळ्यांची कातडी वर्षातून एकदा तरी उजेडात तपासून घ्यावी लागते.